गॅलरीची काच आपोआप कशी फुटते?

२०११च्या उन्हाळ्यात कॅनडातल्या टोरांटोत उंच इमारतींच्या गॅलऱ्यांच्या काचा फुटून रस्त्यावर पडू लागल्या. पुढच्या वर्षी जुलैपासून ओंटारियो प्रांताने रेलिंगच्या काचेचे नियम कडक केले. आपल्याकडे अशी काच फुटली की कुणी ‘नजर लागली’ म्हणतं, आणि विक्रेता तर ‘टफन (तापवून कणखर केलेली) काच फुटतच नाही’ असं आधीच सांगून मोकळा झालेला असतो. दोन्ही खोटं.

ताकदीचा प्रश्न तसा सोपा आहे. तळाशी धातूच्या खाचेत (चॅनलमध्ये) धरलेली, १ मीटर उंचीची १२ मिमी काच घ्या. वरच्या कडेवर मीटरमागे ०.७५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ७५ किलोंचा आडवा रेटा दिला, तर तळाशी ३१ मेगापास्कल (ताणाचं एकक) ताण येतो आणि कड साधारण २५ मिमी झुकते. टफन काच हे सहज सोसते. मग ती फुटते कशाने?

टफन करताना काच सुमारे ६२० अंश सेल्सिअसपर्यंत किंवा थोडी वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर आधी घट्ट होतो. मागाहून आक्रसणारा गाभा त्याला आत ओढतो. म्हणून पृष्ठभाग कायम दाबाखाली आणि गाभा कायम ताणाखाली राहतो. आता त्या गाभ्यात निकेल सल्फाइडचा ०.१ मिमीचा खडा अडकलाय असं समजा. कच्च्या मालात निकेलचा कण गेला आणि गंधक भेटलं की असा खडा तयार होतो. ३७९ अंशांच्या वर त्याची स्फटिकरचना वेगळी असते, खाली वेगळी, आणि खालची रचना २ ते ४ टक्के जास्त जागा घेते. झटकन थंड केल्यामुळे खडा गरम रूपातच अडकतो. मग गॅलरीत उन्हं खात महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षं तो हळूहळू फुगतो आणि एके दुपारी सगळी काच चुरा होते. चुरा जागेवर राहिला तर मधोमध फुलपाखराच्या पंखांसारखे दोन मोठे तुकडे दिसतात. खडा त्यांच्या मधल्या रेषेवर असतो.

उपाय हीट सोक: काच भट्टीत २६० ते २९० अंशांवर दोनेक तास ठेवायची. त्या उष्णतेत खडा भराभर फुगतो, म्हणून खडा असलेली काच बहुधा तिथेच फुटते. भट्टी ३७९च्या वर नेली, तर मात्र खडा पुन्हा गरम रूपात जातो आणि सगळी मेहनत वाया.

तरी एखादी काच निसटतेच. म्हणून ओंटारियोत स्लॅबच्या कडेबाहेर किंवा कडेपासून ५० मिमीच्या आत असलेल्या रेलिंगला हीट-स्ट्रेंदन्ड (टफनपेक्षा सावकाश थंड केलेली) लॅमिनेटेड काच लागते, म्हणजे दोन काचा आणि मधे पीव्हीबी या प्लॅस्टिकचा चिकट थर. तिच्या गाभ्यातला ताण कमी, शिवाय फुटली तर मोठे तुकडे पीव्हीबीच्या थराला चिकटून एकमेकांत अडकून राहतात. दोन्ही काचा टफनच्या आणि मधे मऊ पीव्हीबी असेल, तर दोन्ही फुटल्यावर पॅनेल ओल्या गोधडीसारखं लोंबतं.

बसवताना काच धातूला कुठेही टेकू देऊ नका. मधे गॅस्केट, म्हणजे रबरासारखी मऊ पट्टी, हवंच. फटी बुजवायचं सिलिकोन लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर काम थांबवा. तो वास ॲसिडचा असतो; ते पीव्हीबी खातं आणि कडेला पांढुरके फुगे धरतात. असं ॲसिड न सोडणारं न्यूट्रल सिलिकोनच मागा.