लोकल केबल चॅनेल (बेळगाव सीमाभाग)

केबलवाल्याच्या वायरीतून आपल्या गावापुरतंच दिसणारं चॅनेल म्हणजे लोकल केबल चॅनेल. बेळगाव, खानापूर, निपाणी ह्या पट्ट्यात एकेकाळी त्याची मोठी वट होती.

१९९१ च्या आखाती युद्धानंतर डिश आल्या, १९९२ ला झी टीव्ही आलं आणि गल्लोगल्ली वायरी पडल्या. दूरदर्शनवर राज्याचे कार्यक्रम कन्नडमधून, अल्फा मराठी (आताचं झी मराठी) यायला १९९९ उजाडलं, मग मधल्या काळात घरबसल्या मराठी पिक्चर बघायचा तर केबलवाला लावेल तो. भांडवल तरी काय लागायचं, कंट्रोल रूममध्ये एक व्हीसीआर आणि एक मॉड्युलेटर. मॉड्युलेटरने चित्र रिकाम्या नंबरावर बसवायचं, कंबाइनरमधून बाकीच्या चॅनेलांत मिसळायचं आणि दिलं वायरीत सोडून. १९९५ च्या केबल कायद्याने हेड पोस्टात नोंदणी करायला लावली तरी धंदा घरगुतीच राहिला.

पिक्चरपेक्षा खरी ओढ गावाच्या खबरीची. खाली वाढदिवसाची नि निधनाची पट्टी, मध्ये सराफ, साडी दुकानं, क्लासवाले, कधी मराठीत कधी कन्नडमध्ये. शिवजयंतीची चित्ररथ मिरवणूक आणि गणपती विसर्जन हा तर सीझनच, कपिलेश्वर तलावाकडे निघालेली मंडळं दुसऱ्या दिवशीपर्यंत चाललेली असतात आणि आपल्या मंडळाचा गणपती टीव्हीवर किती वेळ दिसला यावरून रुसवेफुगवे ठरलेलेच. एक नोव्हेंबरचा काळा दिवस, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात गेल्याचा निषेध, दाखवायचा तर मात्र जपून, कारण १९९५ च्या केबल कायद्याचं १९ वं कलम भाषिक किंवा प्रादेशिक गटांत तेढ वाढेल असं वाटलं तर कार्यक्रम थांबवायचा अधिकार अधिकाऱ्याला देतं, आणि सीमाभागात ह्या कलमाचं वजन बाकी ठिकाणापेक्षा जास्तच.

पण चॅनेल बसली ती सीमावादाने नव्हे, डब्याने. केबल कायद्याच्या २०११ च्या दुरुस्तीने सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला, शहरांना ३१ डिसेंबर २०१५ ची मुदत, खेड्यांची वाढत वाढत ३१ मार्च २०१७ वर गेली. डिजिटल हेडएंड (चॅनेल वायरीत सोडायची कंट्रोल रूम) म्हणजे चित्र डिजिटल करणारे एन्कोडर आले, सिग्नल लॉक करायची सिस्टीम आली, ग्राहकांच्या हिशोबाचं सॉफ्टवेअर आलं, हा खर्च छोट्या केबलवाल्याला कुठला परवडायला, त्याने मोठ्या कंपनीचा फीड घेतला आणि तो वसुलीचा माणूस होऊन बसला. लोकल चॅनेलला नंबर द्यायचा का, कितीला द्यायचा, हे आता बाहेरचं कोणीतरी ठरवणार. त्यात २०१६ ला जिओ आलं, फेब्रुवारी २०१९ पासून चॅनेल निवडून पैसे भरायची पद्धत आली, वैतागून कित्येकांनी केबलच तोडली.

नोव्हेंबर २०२२ च्या केंद्राच्या नियमांनी अशा चॅनेलवर गावाच्या बातम्या दाखवणारा रजिस्टर्ड कंपनीच हवा असं केलं. फी चॅनेलमागे हजार रुपये, म्हणजे काहीच नाही, पण दोघाचौघांच्या भागीदारीवर चाललेल्यांना कंपनी काढणं, वर्षाची कागदपत्रं भरणं हेच जड. त्यापेक्षा यूट्यूब बरं, तिथे नंबरासाठी कोणाच्या पाया पडावं लागत नाही.