कळण्यापासून वळण्यापर्यंत

तब्येतीचा विषय निघाला की ‘कळतं, पण वळत नाही’ हे हमखास ऐकू येतं. वळणं अवघड, हे सगळ्यांना पटतं. पण ‘कळणं’सुद्धा किती अलीकडचं आहे, हे सहसा लक्षात येत नाही. रोजच्या सवयींनी आयुष्य किती वाढतं किंवा घटतं, याचे आकड्यांतले भक्कम पुरावे जेमतेम पाऊणशे वर्षांचे आहेत.

त्याआधी आजार म्हणजे प्रामुख्याने बाहेरून येणारं संकट होतं: कॉलरा, देवी, क्षय. उपायही तसेच, स्वच्छ पाणी, लस, पुढे प्रतिजैविकं. विसाव्या शतकाच्या मध्याला मात्र औद्योगिक देशांत हृदयविकार आणि फुप्फुसाचा कर्करोग ठळकपणे वाढलेले दिसू लागले आणि त्यांच्यामागे एखादा जंतू काही सापडेना. १९४८ मध्ये हृदयविकाराची कारणं शोधण्यासाठी अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम इथे ५,२०९ स्त्री-पुरुषांची नियमित तपासणी सुरू झाली. ‘जोखीम घटक’ हा आज सर्रास वापरला जाणारा शब्दप्रयोग १९६१ मध्ये याच अभ्यासामुळे रूढ झाला.

ब्रिटनमध्ये संशोधक रिचर्ड डॉल आणि ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल यांनी १९५१ मध्ये थेट डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या धूम्रपानाविषयी विचारलं. डॉल स्वतः सिगारेट ओढत. या दोघांच्याच आधीच्या अभ्यासाचे आकडे समोर येऊ लागले, तशी त्यांनी ती सोडली. डॉक्टरांचा हा पाठपुरावा ५० वर्षं चालला. सिगारेट ओढत राहिलेले सरासरी १० वर्षं आधी गेले. मात्र साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी त्यातली सुमारे ३ वर्षं परत मिळवली, पन्नासाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ६ आणि चाळिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांनी ९. ‘आता या वयात सोडून काय उपयोग?’ या प्रश्नाला इतकं थेट उत्तर माझ्या पाहण्यात दुसरं नाही.

त्याच काळात संशोधक जेरी मॉरिस लंडनच्या दुमजली बसकडे पाहत होते. बस एकच, पण ड्रायव्हर दिवसभर बसून आणि कंडक्टर तिकिटं फाडत दिवसाला ५०० ते ७५० पायऱ्या चढणारा. १९५३ मध्ये त्यांनी मांडलं की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो, आणि झालाच तर उशिरा.

म्हणजे कळलं. पण लोक वळले का?

या प्रश्नाची उकल एका वेगळ्याच ठिकाणी सुरू झाली होती. अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य खात्याने क्षयरोग शोधण्यासाठी एक्स-रेच्या गाड्या वस्त्यांपर्यंत नेल्या होत्या. तपासणी फुकट, गाडी घराजवळ, वेळही फारसा जात नव्हता. तरी पुष्कळ लोक फिरकत नव्हते. खात्यातले मानसशास्त्रज्ञ गॉडफ्री हॉचबाउम यांनी त्यांना आळशी किंवा अडाणी ठरवलं नाही, जाऊन विचारलं. ‘क्षय मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर सापडला तर फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी ज्यांना मनापासून वाटत होत्या, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी आपणहून एक्स-रे काढला होता. दोन्ही न वाटणाऱ्यांत हे प्रमाण फक्त २१ टक्के होतं. माहिती पोहोचणं आणि ती ‘माझ्याबद्दल आहे’ असं वाटणं यातलं अंतर इथे पहिल्यांदा इतकं स्वच्छ दिसलं.

पुढे १९८३ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स प्रोचास्का आणि कार्लो डिक्लेमेंटे यांनी स्वतःच्या बळावर सिगारेट सोडणाऱ्यांचा अभ्यास केला. माणूस एका रात्रीत बदलत नाही. विचारच नसणं, विचार घोळवणं, करून पाहणं, टिकवणं अशा टप्प्यांतून तो जातो आणि मधे घसरतोही. घसरणं हा वाटेचाच भाग आहे, हे शास्त्राने मान्य केलं, याचं मला फार अप्रूप आहे.

तरी सगळा भार माणसाच्या निर्धारावरच राहत होता. तो हलवला लंडनच्या सरकारी नोकरांच्या अभ्यासाने. १९६७ मध्ये सुरू झालेल्या या पाहणीत सर्वांत खालच्या श्रेणीतल्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू सर्वांत वरच्या श्रेणीच्या सुमारे तिप्पट निघाले. धूम्रपान, रक्तदाब वगैरे हिशेबात धरूनही बराचसा फरक उरलाच. पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९८६ च्या ओटावा सनदेत चांगली निवड ‘सोपी’ करण्याची जबाबदारी धोरणांवर टाकली गेली.

आणि ते २१ दिवस? कोणतीही सवय २१ दिवसांत लागते, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. त्याचं मूळ मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० मधल्या निरीक्षणात आहे. बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान २१ दिवस लागतात, असं त्यांनी नोंदवलं होतं. ‘किमान’ वाटेत गळून पडलं आणि चेहऱ्याच्या जागी व्यायाम आला. बाविसाव्या दिवशीही पहाटे उठणं जड जातं, म्हणून स्वतःला नालायक ठरवणाऱ्या माणसांचं मला खरोखर वाईट वाटतं.

२००९ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला नवी कृती जोडायला सांगितलं, उदाहरणार्थ जेवणासोबत फळ खाणं किंवा संध्याकाळच्या जेवणाआधी धावणं. १२ आठवडे त्यांची रोजची नोंद ठेवली. कृती अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले. पण कुणाला १८ पुरले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. फळ खाण्यापेक्षा व्यायाम रुळायला जास्त वेळ लागला. मधे एखादा दिवस चुकला, तरी पुढच्या प्रगतीवर फारसा परिणाम झालेला दिसला नाही.