प्रतिकृतींवरील रासायनिक गंज

लघुप्रतिकृतींच्या धातूच्या भागांना रसायनांनी जुनेपणा आणण्याची पद्धत. रंगलेपनात गंज वरून चढवला जातो. येथे धातूचा पृष्ठभागच बदलतो. त्यामुळे रसायनाची निवड धातूवर अवलंबून असते. तांबूस गंज फक्त लोखंड-पोलादावर येतो. त्यासाठी व्हिनेगर, मीठ आणि ३ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. पितळ नवसागर (अमोनियम क्लोराइड) व अमोनियाच्या वाफेने जंगाल, म्हणजे हिरवट थर, धरते. जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल व जस्त यांच्या मिश्रधातूच्या) छोट्या रुळांना मात्र गंजाचा रंगच द्यावा लागतो.

हेतुपूर्वक आणलेल्या अशा बदलाचे आपल्याकडील जुने उदाहरण म्हणजे बिदरीकाम. जस्तात थोडे तांबे मिसळून ओतलेल्या भांड्यावर नवसागर आणि बीदरच्या किल्ल्यातील माती यांचा लेप देतात. मिश्रधातू काळा पडतो, जडवलेली चांदी शुभ्र राहते. ही कला बहमनी काळात इराणहून आली असे परंपरा मानते. उपलब्ध नमुने मात्र साधारणपणे सोळाव्या शतकाच्या अखेरीपलीकडे खात्रीने नेता येत नाहीत. म्हणून उगम नंतरचा मानणारे मत अधिक सावध वाटते. काळेपणाचे श्रेय बहुधा मातीला दिले जाते. तिच्यातील नायट्रेटांचा वाटा असावा. तथापि तांबे नसलेल्या जस्तावर तसा गर्द थर येत नाही, हे अधिक निर्णायक आहे.

खरा गंज प्रमाणात बसतोच असे नाही. १:८७ प्रतिकृतीवरचा अर्धा मिलिमीटर जाडीचा पापुद्रा मूळ वस्तूवर सुमारे ४३ मिमी ठरेल. म्हणून पातळ थर येताच भाग धुऊन, खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून, पूर्ण वाळवून मॅट लॅकर (चमक नसलेला संरक्षक लेप) देतात. व्हिनेगर-पेरॉक्साइडचे मिश्रण बंद बाटलीत साठवू नये; त्यात दाहक पेरॲसिटिक आम्ल तयार होते.

ठाणे व नवी मुंबईत खाडीची दमट, खारी हवा गंजाला पोषक असते. खाचेत मीठ उरले, तर पावसाळ्यात लॅकरखालीही गंज वाढतो.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला ३४ किमी धावलेल्या पहिल्या गाडीची प्रतिकृती गंजवणे इतिहासाला सोडून होईल: साहिब, सिंध व सुलतान ही तिची इंजिने तेव्हा नवीच होती. आजच्या ठाणे स्थानकाच्या देखाव्यात रुळांच्या बाजू तांबूस हव्यात, माथा मात्र चाकांनी घासून चकचकीत.