पिलो आणि ‘नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल’ एरर

‘नो मॉड्यूल नेम्ड पीआयएल’ ही पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेची एक एरर आहे, फोटो उघडणं-कापणं-लहानमोठा करणं असल्या कामांसाठी पिलो ही लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, वापरायला गेलं की ती हमखास भेटते. पायथन ३.६ पासून, म्हणजे २०१६ पासून, तिला मॉड्यूलनॉटफाउंडएरर असं वेगळं नाव मिळालं, त्याआधी सगळं इम्पोर्टएररच्याच नावावर जायचं, आणि आजही ती इम्पोर्टएररचीच पोटजात आहे. मेसेज वाचून वाटतं की लायब्ररी टाकलेलीच नाहीये, पण बऱ्याचदा ती असते, फक्त त्या नावाने किंवा त्या पायथनला दिसत नसते.

नावाचा गोंधळ जुना आहे. फ्रेड्रिक लुंड यांनी १९९५ मधे पायथन इमेजिंग लायब्ररी, म्हणजे पीआयएल, आणली. तिची शेवटची आवृत्ती १.१.७, २००९ ची, त्यानंतर ती तिथेच थांबली आणि पायथन ३ वर कधी आलीच नाही. २०१० मधे अ‍ॅलेक्स क्लार्क यांनी तिचा फोर्क, म्हणजे त्याच कोडवरून वेगळी शाखा, काढला तोच पिलो, आणि पायथन ३ चा सपोर्ट पिलो २.० ने २०१३ मधे दिला. जुने प्रोग्रॅम चालत राहावेत म्हणून आतलं नाव मात्र पीआयएलच ठेवलं. म्हणजे पॅकेज पिलोचं, दारावरची पाटी पीआयएलची! त्यामुळे ‘पिप इन्स्टॉल पिलो’ करायचं (पिप म्हणजे पायथनची पॅकेजं टाकणारं साधन) आणि कोडमधे ‘फ्रॉम पीआयएल इम्पोर्ट इमेज’ लिहायचं (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत, पीआयएलची तिन्ही अक्षरं कॅपिटल, इमेजचं पहिलं कॅपिटल). ‘इम्पोर्ट पिलो’ लिहिलं तर एरर येणारच. जुन्या कोडमधे नुसतं ‘इम्पोर्ट इमेज’ सापडतं, ते पिलो १.० पासूनच बंद आहे. फोटोंवरच काम करणाऱ्या शेजारच्या लायब्रऱ्यांचंही तेच, पॅकेज ओपनसीव्ही-पायथन आणि इम्पोर्ट सीव्ही२, पॅकेज सायकिट-इमेज आणि इम्पोर्ट एसकेइमेज. दोन्ही नावं सारखीच असली पाहिजेत असा पायथनचा काही नियम नाहीये, त्यामुळे एररमधलं नाव उचलून जसंच्या तसं पिपला देणं ही सवय मोडायला हवी.

नाव बरोबर आहे, पिप म्हणतंय ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’, तरी एरर तीच? मग मशीनवर पायथन एकापेक्षा जास्त आहेत, पिपने एकात टाकलंय आणि प्रोग्रॅम दुसऱ्यातून चालतोय. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो, कारण माणूस तेच पॅकेज पुन्हा पुन्हा टाकत बसतो. प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळींत सिस मॉड्यूल घेऊन सिस.एक्झिक्युटेबल प्रिंट करायचं, कुठला पायथन चालतोय त्याचा पूर्ण पाथ दिसतो, मग त्याच पायथनने ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल पिलो’ करायचं, नुसतं पिप नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (एका प्रोजेक्टपुरता वेगळा ठेवलेला पायथन) चालू करायची राहिली, एडिटरमधे इंटरप्रिटर, म्हणजे कोड चालवणारा पायथन, भलताच निवडलाय, ही सगळी याचीच रूपं. ज्युपिटर नोटबुकमधे ‘%पिप इन्स्टॉल पिलो’ वापरलं की ते चालू कर्नलच्याच (नोटबुकमागे कोड चालवणाऱ्या प्रोसेसच्या) पायथनमधे जातं, नंतर कर्नल रीस्टार्ट केलेला बरा. डेबियन या लिनक्समधे आवृत्ती १२ पासून सिस्टीमच्या पायथनमधे पिप थेट टाकूच देत नाही, एक्स्टर्नली मॅनेज्ड म्हणून अडवतं. जबरदस्ती करायचा फ्लॅग आहे, पण व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट बनवणं जास्त शहाणपणाचं.

एक गंमत अशी की स्वतःच्याच फाइलला पीआयएल.पीवाय किंवा सीव्ही२.पीवाय नाव दिलेलं असतं, पायथन आधी स्क्रिप्टच्या फोल्डरमधे शोधतो आणि तीच फाइल उचलतो. नाव बदललं की झालं.

मेसेज ‘कॅनॉट इम्पोर्ट नेम अंडरस्कोअर इमेजिंग’ असा असेल तर प्रकरण वेगळं. पिलोचा गाभा सी भाषेत आहे आणि त्याची तयार फाइल ठराविक पायथन आवृत्ती, ठराविक ऑपरेटिंग सिस्टीम आणि ठराविक प्रोसेसर यांच्यासाठीच बनलेली असते, म्हणून विंडोजवरचं फोल्डर उचलून लिनक्स सर्व्हरवर टाकलं की पायथनला पीआयएल सापडतं पण आतला गाभा चालत नाही. एडब्ल्यूएस लॅम्डावर, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडवर, कोडची झिप चढवणाऱ्यांना हे चांगलंच माहीत असतं. इलाज म्हणजे जिथे चालवायचंय तिथेच टाकणं, किंवा पिपला प्लॅटफॉर्म सांगून त्याचं व्हील, म्हणजे त्यासाठी तयार बनवलेलं पॅकेज, मागवणं. साध्या मोडतोडीला अनइन्स्टॉल करून ‘नो-कॅश-डिर’ लावून परत टाकलं तरी भागतं.

कधी एकच तुकडा नसतो. उबुंटू लिनक्सच्या एपीटी या पॅकेज टाकणाऱ्या साधनातून पिलो टाकली तर टीकेइंटरला (पायथनच्या विंडो-बटणं बनवायच्या लायब्ररीला) लागणारा इमेजटीके भाग वेगळ्या पॅकेजमधे असतो, तो अलग टाकावा लागतो. ओपनसीव्हीवाल्यांना डॉकरमधे (प्रोग्रॅम वेगळ्या बंदिस्त डब्यात चालवायचं साधन) ‘लिबजीएल.एसओ.१’ उघडत नाही म्हणून इम्पोर्टएरर येते, तिथे पायथनचा काही दोष नाही, सिस्टीमची ग्राफिक्स लायब्ररी नाहीये. विंडो दाखवायची नसेल तर ओपनसीव्हीची हेडलेस, म्हणजे स्क्रीनवर काही न दाखवणारी, आवृत्ती घ्यायची, पण आधीची काढून, कारण दोघी एकाच सीव्ही२ फोल्डरमधे लिहितात.

सगळं करून झालं की ‘पायथन -एम पीआयएल’ चालवावं, पिलोची आवृत्ती, ती कुठून लोड होतेय तो पाथ आणि जेपीईजी, फ्रीटाइप (फॉन्टसाठी), टीकेइंटर यातलं काय चालू आहे काय नाही, हे सगळं एकाच वेळी छापून येतं.