खाऱ्या हवेतली आठ चाकं : इनलाइन हॉकीच्या चाकजुळणीची पार्श्वभूमी

कोकणातली पोरं चाकांवर उभी राहण्याआधी चाकांवर बसली. गॅरेजमधून मागून आणलेली ट्रकची बाद बेअरिंगं, आडव्या लाकडांवर ठोकलेली फळी, वळवायला सुतळी आणि समोर घाटीचा उतार. दुपारी ती गाडी डांबरावरून सुटली की अख्ख्या वाडीची झोप उडायची. इनलाइन हॉकीच्या, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केटवर खेळायच्या हॉकीच्या, चाकांवरून इथे जे वाद रंगतात त्यांची सुरुवात मी तरी त्या गाडीपासूनच धरतो, कारण बेअरिंगवरचं आमचं प्रेम तेव्हाचं आहे.

बाहेरचा इतिहास थोडक्यात पुरे. एका रांगेत चाकं असलेल्या स्केटचं पेटंट पॅरिसमध्ये १८१९ साली घेतलं गेलं. १८६३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या एकाने पुढे दोन, मागे दोन चाकांचा, अंग झुकवलं की वळणारा स्केट काढला आणि पुढची शंभरेक वर्षं त्या क्वाडची झाली. १९७० च्या दशकात पॉलियुरेथेनची चाकं आली, तेव्हा कुठे खडबडीत जमिनीवर दात न वाजता चालता येऊ लागलं. १९८० च्या सुमारास मिनेसोटातल्या दोघा हॉकीपटू भावांनी बर्फ नसतानाच्या सरावासाठी एका जुन्या एकरांगी स्केटवरून नवा बेतला. म्हणजे इनलाइन हॉकी स्केट हा मुळात बर्फावरच्या पात्याचा उन्हाळी पर्याय. समुद्रकिनाऱ्यावरच्या दमट गावांचा विचार त्यात कुणी केला नव्हता.

आपल्याकडे मूल क्लासला घातलं की पायात आधी क्वाडच येतो. त्यामुळे हॉकी म्हटलं की चेंडूची क्वाड हॉकी की पकची (म्हणजे चपट्या चकतीची) इनलाइन हॉकी, इथपासून घोळ. इनलाइनकडे वळलेल्यांना पहिला धक्का बसतो तो चाकांच्या मापाचा. बऱ्याच हॉकी फ्रेममध्ये, म्हणजे बुटाखालच्या चाकं धरणाऱ्या सांगाड्यात, पुढची दोन चाकं लहान आणि मागची दोन मोठी असतात : ७२ आणि ८०, किंवा ७६ आणि ८० मिलिमीटर. याला हाय-लो म्हणतात. मोठ्या चाकांनी वेग धरायचा, लहान चाकांनी चटकन वळायचं. फ्रेमच पायरीसारखी घडवलेली असल्याने आठही चाकं जमिनीला सारखी टेकतात. हे न कळल्यामुळे मागची चाकं पुढे घालू पाहणारे आणि ती अडकली म्हणून फ्रेम कानशीने घासणारे पालक मी पाहिले आहेत.

पण खरा गुंता ‘एबेक’चा. बेअरिंगवर एबेक पाच, सात, नऊ असं छापलेलं असतं आणि आकडा मोठा म्हणजे वेग जास्त, हे आमच्याकडे इतकं पक्कं बसलंय की दुकानदारही ‘नऊवालं घ्या, उडेल’ म्हणूनच विकतो. प्रत्यक्षात ही अमेरिकेतल्या बेअरिंग उत्पादकांच्या समितीची मोजपट्टी. एक ते नऊ असे विषम आकडे, आणि ते सांगतात बेअरिंग मापाला किती काटेकोर आहे एवढंच. पोलाद कुठलं, ग्रीस कसलं, झाकण कसलं, आडवा धक्का किती सोसेल, यातलं काहीही त्यात नाही. स्केटमध्ये बसतं ते ६०८ नंबरचं बेअरिंग, आतलं भोक ८ मिलिमीटर. त्या भोकाच्या मापात एबेक एकला ८ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) सूट, सातला ४ मायक्रॉनची. फरक चार मायक्रॉनचा, केसाच्या जाडीच्या कितीतरी कमी. ताशी ३० किलोमीटर वेगाने धावताना ८० मिलिमीटरचं चाक मिनिटाला साधारण दोन हजार फेरे घेतं. हेच ६०८ छोट्या मोटारींत यापेक्षा कितीतरी जोरात फिरत असतं. मग सात की नऊ यावर संध्याकाळ घालवायची कशाला?

इथे विचारायला हवा तो प्रश्न झाकणाचा. पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग मोकळं फिरतं खरं, पण फटीतून खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ दोन्ही आत जातात. उघडून पाहिलं तर ग्रीस विटकरी झालेलं. बेअरिंग पेट्रोलमध्ये खळबळून घ्यावं : माती तळाला बसते, गंज मात्र कड्यावर ठिपक्यांसारखा तसाच राहतो. ठिपके दिसले की ते बेअरिंग गेलं, मग वर नऊ लिहिलेलं असो. रबरी झाकणाचं बेअरिंग किंचित जड फिरतं, पण टिकतं (धुताना झाकण टाचणीने आधी काढावं, पेट्रोलने रबर फुगतं). माझं मत उघड आहे : किनाऱ्यावर एबेक तीनचं रबरी झाकणाचं बेअरिंग एबेक नऊच्या पत्र्याला भारी.

चाकाच्या कडकपणाचा आकडा मात्र खरंच बोलतो (त्यापुढचा ‘ए’ म्हणजे कडकपणाची मोजपट्टी; आकडा मोठा तितकं चाक कडक). सभागृहातल्या गुळगुळीत फरशीला ७४ ते ७६ए ची मऊ चाकं, बाहेरच्या कोब्याला ८२ ते ८५ए ची कडक. मऊ चाकं शाळेच्या खरखरीत कोर्टावर नेली तर आठवड्याभरात त्यांचे लचके तुटतात. कडक चाकं पावसाळ्यात फरशीवर आणली तर त्याहून वाईट, कारण जुलैत फरशीला घाम फुटतो आणि वळताना खेळाडू पकच्याही पुढे जातो. म्हणून रत्नागिरी-चिपळूणकडच्या गंभीर खेळाडूकडे दोन संच असतात, पावसाळी आणि उघाडीचा. ही पद्धत कुठल्या पुस्तकातून आलेली नाही, पावसाने लावलेली आहे.

नवी चाकं लगेच सामन्यात घालत नाहीत, आधी मुरवतात. साच्यातून आलेल्या चाकावर एक तुळतुळीत थर असतो. दोन-तीन सराव साध्या गोल फेऱ्यांत घालवले की तो जातो आणि पकड येते. नव्या बेअरिंगातलं घट्ट ग्रीसही तेवढ्यात सैलावतं. चाकात दोन बेअरिंगांमध्ये स्पेसर, म्हणजे त्यांना अंतरावर ठेवणारी छोटी नळी, आहे ना, हे याच वेळी पाहायचं. तो हरवला की नट आवळल्यावर बेअरिंगवर आडवा दाब येतो, चाक जड होतं, आणि दोष पुन्हा बिचाऱ्या एबेकच्या आकड्यावर. नंतर आतली कड जास्त झिजू लागते, तेव्हा चाकं उलटी करून जागा बदलायच्या. हाय-लोमध्ये ही अदलाबदल फक्त सारख्या मापात होते, पुढची पुढे, मागची मागे.

मृग लागायच्या आधी उघाडीचा संच उतरतो. सोळा बेअरिंगं पुसून मशीन ऑइलमध्ये बुडवून ठेवायची, त्यासाठी लोणच्याची रिकामी काचेची बरणी बरी पडते. आमच्याकडे तिच्यावर मोठ्या अक्षरात चिठ्ठी चिकटवावी लागते, कारण फळीवर शेजारी खरं लोणचं असतं.