सिलिंडर होनिंग : ब्लॉक आणण्याआधी हे वाचा

राळेगाव, कळंब, हिंगणघाटकडून इंजिनचा ब्लॉक घेऊन येणारे शेतकरी काम झालेल्या बोअरमध्ये, म्हणजे पिस्टन वरखाली होतो त्या भोकात, डोकावतात आणि म्हणतात, ‘भाऊ, हे तर चरे पडले. चमकवून द्या ना!’ ते चरे आम्ही मुद्दाम पाडतो.

आरशासारख्या गुळगुळीत बोअरमध्ये ऑइल टिकत नाही, पिस्टनच्या नव्या रिंगाही बसत नाहीत. होनिंग म्हणजे बोअर आतून दगडांनी घासणे. हे दगड फिरता फिरता वरखाली होतात, त्यामुळे तिरप्या रेषांची जाळी उमटते. तिच्यात ऑइल धरून राहते. दगड वरखाली करण्याचा वेग कमी पडला की रेषा आडव्या पडतात, वाढला की उभ्या. आम्ही दोन रेषांमधला कोन ४५ अंशांच्या आसपास ठेवतो.

होनिंगने निघतो तो काही शतांश मिलिमीटर माल. बोअरच्या वरच्या टोकाला नखाला कंगोरा लागत असेल, तर बोरिंग करून (बोअर कापून मोठा करून) ओव्हरसाइज, म्हणजे मोठ्या मापाचा, पिस्टन टाकावा लागेल किंवा लायनर (बोअरची आतली नळी) बदलावे लागेल. ‘नुसते दगड मारून द्या, स्वस्तात भागेल’ हे काम आम्ही घेत नाही. इंजिन पुन्हा ऑइल खाणारच. बोअर गेजने वर, मधे, खाली आणि प्रत्येक ठिकाणी दोन दिशांनी माप घेऊन आम्ही आकडे कागदावर लिहून देतो.

नवे पिस्टन ब्लॉकसोबतच आणा. बोरिंगनंतर ०.०५ ते ०.०८ मिमी माल राखून ठेवतो आणि होनिंग करताना तुमच्याच पिस्टनच्या मापावर उतरवतो. पाकिटावरच्या आकड्यावर आम्ही काम करत नाही.

होनिंगनंतर बोअर गरम पाणी, साबण आणि ब्रशने धुतो. नुसत्या डिझेलने दगडाची भुकटी रेषांतून निघत नाही. पांढरे फडके फिरवून काळे येईनासे झाले की लगेच ऑइल लावतो, कारण धुतलेल्या बिडावर बघता बघता तांबारा चढतो. नेताना ब्लॉक झाकून न्या, उघड्या ट्रॉलीत टाकू नका.

इंजिन बसवल्यावर दिवसभर स्लोवर सोडायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मोडा. रिंगा बसायला थोडा लोड लागतो. आधी हलके काम घ्या, रोटाव्हेटर नंतर. एअर क्लीनरची वाटी मात्र रोज उघडून बघा. मे महिन्यातल्या कोरड्या वावरातली धूळ आत गेली, तर आमच्या कामाचा उपयोग नाही.

ट्रॉलीच्या हायड्रॉलिक जॅकचे सिलिंडरही घेतो. तिथे रबरी सील असल्याने फिनिश बारीक ठेवावी लागते. मृगाच्या तोंडावर गर्दी होते, शक्यतो एप्रिलमध्येच या.