टीडीएस पेनाला विहीर कळत नाही

गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्यांच्या सामानात हल्ली टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं पेन असतं. विहिरीच्या पाण्यात बुडवायचं, आकडा दीड-दोनशे आला की ‘पाणी एक नंबर’ म्हणून मोकळं व्हायचं. हे पेन प्रत्यक्षात पाण्याची वीजवाहकता मोजतं आणि तिला एका ठरावीक गुणकाने गुणून क्षारांचा अंदाज देतं. क्षार कोणते, ते त्याला सांगता येत नाही. जिवाणू तर दिसतच नाहीत. त्यात भर पावसाळा. पावसाच्या पाण्याने क्षार विरळ होतात आणि गोठ्या-संडासाची घाण झिरपते. म्हणजे पाणी सर्वांत धोक्याचं असतं, तेव्हाच आकडा सर्वांत देखणा येतो.

पिण्यासाठी पहिला प्रश्न ई-कोलाय या विष्ठेतल्या जिवाणूचा. आयएस १०५०० या भारतीय मानकानुसार १०० मिलिलिटर पाण्यात तो अजिबात चालत नाही. एच-टू-एस बाटलीत, म्हणजे जिवाणूंनी हायड्रोजन सल्फाइड सोडला की पाणी काळं करणाऱ्या चाचणीच्या बाटलीत, पाणी भरून ठेवा. एक-दोन दिवसांत काळं पडलं, तर विष्ठेतले जिवाणू असण्याची दाट शंका घ्यावी.

नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम. ते युरियातून, शेणातून उतरतं आणि सहा महिन्यांखालच्या बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटवतं. उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून त्याचं प्रमाण वाढतं. पिकाला मात्र हेच पाणी म्हणजे फुकटचा नत्र!

याच्या उलट, घरात चांगलं वाटणारं पाणी शेतीला घातकही ठरतं. काही विहिरींचं पाणी मऊ, साबणाला भरपूर फेस देणारं. त्यात सोडियम आणि बायकार्बोनेट जास्त असेल, तर घाटावरच्या काळ्या जमिनीची वाट लागते. बायकार्बोनेट कॅल्शियमला चुन्याच्या रूपात बसवून टाकतं, सोडियम शिरजोर होतो, मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात आणि जमीन चोपण होते. म्हणून शेतीच्या अहवालात आधी आरएससीचा, म्हणजे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पुरून उरलेल्या कार्बोनेट-बायकार्बोनेटचा आकडा बघावा : १.२५ मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटरच्या आत निर्धोक, २.५ च्या वर पाणी देऊ नये. टीडीएसच्या आकड्यावरून हे कळणं अशक्य.

क्षारांचा नमुना धुतलेल्या, त्याच पाण्याने विसळलेल्या बाटलीत भरून मुंबईला आणलात तरी चालेल. जिवाणूंचा नमुना मात्र रात्रभराच्या एसटीत पिशवीतून आणू नका. त्याला निर्जंतुक बाटली लागते, बर्फ लागतो आणि २४ तासांच्या आत प्रयोगशाळा गाठावी लागते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा तुमच्या जिल्ह्यातच असते.